मिस्तरींचा शेंदूर

"दाबल्यावर का सोडल्यावर?"

गाडी घेऊन आलेला माणूस अजून खाली उतरलेलाही नसायचा, तोवर मिस्तरी डोळे मिटून, उजव्या हाताची दोन बोटं वर धरून हा प्रश्न विचारत. बोटं वर म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं. डोळे मिटले म्हणजे त्यांचं ऐकणं सुरू झालं. समोरच्याने दोनपैकी एकच शब्द बोलायचा, एवढीच अपेक्षा असे. पण नवखा माणूस कहाणी लावायचा. परवा आष्टीला गेल्तो, येताना मेव्हना मागं बसल्याला, त्यो म्हनला मागनं कायतरी वाजतंय.

मिस्तरी डोळे न उघडता म्हणत, "मेव्हन्याला उतरवून बघितलं का?"

प्रश्नाचा अर्थ साधा होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी गोळा लोंबत असतो, तो तुम्हीही पाहिला असेल. इंजिनाची फिरकी लांब शाफ्टवरून त्या गोळ्यात येते आणि तिथे वळून दोन्ही चाकांना वाटली जाते. आत दातांची दोन चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, एक मोठं आणि एक लहान. ॲक्सिलेटर दाबला की दातांची एक बाजू घासते, पाय काढला की दुसरी. म्हणून आवाज दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे कळलं की निम्मा रोग कळला. फक्त वळणावर येत असेल तर आतली बारकी चाकं गेली. सारखाच येत असेल तर बेअरिंग. डांबरी संपून कच्चा रस्ता लागल्यावर बंद होत असेल तर तो टायरचा आवाज, आणि टायरवाल्याचं दुकान पुढे होतं.

जामखेडमध्ये नगर रस्त्याच्या कडेला गाडीच्या एकेका अवयवाचे कारागीर ओळीने बसत. कमानपाट्यांचा एक, रेडिएटरचा एक, बॅटरीचा एक. मिस्तरी मागच्या एक्सलचे. गाडीचा पुढचा भाग ही त्यांच्या मते दुसऱ्यांची हद्द होती. कुणी सहज म्हणून बॉनेट उघडून "जरा बघा की" म्हटलं तर ते मान दुसरीकडे फिरवत, जसं शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये.

त्यांच्या समोरच, रस्त्यापलीकडे, मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत होतो. दिवसा लग्नपत्रिका आणि किराणा दुकानांची बिलं, आणि उरलेल्या वेळात आमच्या चळवळीची पत्रकं. माझे वडील पत्रकं लिहीत. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. आम्ही आणि मिस्तरी एकाच वस्तीतले. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनी धर्मांतरानंतर देव्हारे पोत्यात भरून नदीला सोडले होते, आणि ती गोष्ट दोन्ही घरांत दरवर्षी नव्याने सांगितली जायची.

मिस्तरी गरीब स्वभावाचे होते असा समज करून घेऊ नका. आपल्या कानाचा त्यांना भयंकर गर्व होता. दुसऱ्या मिस्तरीने सांगितलेला रोग ते आधी नाकारत आणि मग तपासत.

तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. ट्रक असेल तर रिकाम्या हौद्यात पालथं झोपायचं, कान फळीला लावायचा, धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावरून टॉवेल ओढून घ्यायचा, आणि ड्रायव्हरला सांगायचं, खर्ड्याच्या रस्त्याला घे, फाट्यावरनं वळव, माघारी ये, तोंड उघडू नको. एकदा असा ट्रक फाट्यावर हळू झाला. तिथे चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आत वाकून पाहिलं. टॉवेलखाली माणूस आडवा. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि ड्रायव्हरला विचारलं, "कुनाचं मयत म्हनायचं?"

टॉवेलखालून आवाज आला, "गप रहा, वळनावर येतोय."

तो म्हातारा नंतर बरेच दिवस मोकळ्या ट्रकच्या मागे उभा राहत नव्हता, असं टपरीवाला सांगायचा.

रीत गाड्यांपुरती राहिली नाही. पोट दुखतं म्हणून कुणी सांगितलं की मिस्तरी विचारत, "खाल्ल्यावर का उपाशी?" सासू-सुनेचं भांडण सोडवायला त्यांना बोलावलं, तर ते उंबऱ्यावर बसून, बोटं वर धरून, आधी दोघींचा आवाज ऐकून घेत. आमच्या सभांना येत तेव्हाही डोळे मिटूनच बसत. वक्त्यांना वाटे, झोपले. एका सभेत मी भाषण केलं, बऱ्यापैकी जाळ काढला. परतताना मी विचारलं, "कसं झालं, मिस्तरी?"

"चांगलं झालं. दाबल्यावरचा आवाज होता."

"म्हणजे?"

"म्हंजी माणूस दाबला की बोलतो. ते बरंच हाय. सोडल्यावर जे बोलत्यात त्यांची जास्त काळजी करावी. त्यांचं आत कुठंतरी ढिलं झाल्यालं असतंय."

मी ते वाक्य पत्रकात घेतलं नाही. आमच्या समितीला पटलं नसतं.

आता शेंदराचं सांगतो.

गोळा उघडून दुरुस्ती केली की आतले दात एकमेकांवर नीट बसले की नाही हे बघावं लागतं. त्यासाठी मिस्तरी तेलात शेंदूर कालवत आणि मोठ्या चाकाच्या काही दातांना फासत. मग चाक हाताने फिरवायचं. जिथे दातावर दात घासेल तिथला शेंदूर पुसला जातो आणि एक पट्टा उघडा पडतो. पट्टा दाताच्या मधोमध पडला तर बरोबर. कडेला सरकला, वर चढला की खाली उतरला तर पत्र्याच्या पातळ चकत्या घालून किंवा काढून चाक सरकवायचं, आणि परत फासायचं. हे दहा ठिकाणी होत असेल, पण मिस्तरींकडे एक गोष्ट वेगळी होती. शेंदूर कालवायची त्यांची मुलगी, सुजाता. बारावीनंतर तिने शिक्षण सोडलं होतं आणि वडिलांबरोबर गाडीखाली सरकायला लागली होती. आवाज मिस्तरी ऐकत. पट्टा सुजाता बघायची.

"कुठं हाय गं?"

"वर चढलाय आबा. जरा बाहेरच्या अंगाला."

मग मिस्तरी स्वतः वाकत, आपणही बघितल्यासारखं करत आणि म्हणत, "तेच म्हनतोय मी."

काम झालं की मिस्तरी बोटं दगडाला पुसत. रस्त्याची ती बाजू उताराची होती, म्हणून गाडी उभी केली की मागच्या चाकाला दगड लावावाच लागे. दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा एक गोलसर काळा दगड गॅरेजपुढच्या कडुलिंबाखाली कायम पडलेला असायचा. चिंधीला पुसलं की चिंधीतली कचर परत दातांत जाते, असं त्यांचं मत होतं. दगड आयता समोर असे. वर्षानुवर्षं पुसून तो एका अंगाने लालभडक झाला होता.

आमच्या घरात शेंदूर हा शब्द फक्त पत्रकात यायचा, आणि त्याच्यापुढे कायम 'फासलेला दगड' असे. त्यामुळे ते दृश्य रोज समोर बघताना मला बरं वाटायचं नाही. शेंदूर मिळायचा बाजारपेठेतल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराला सगळे आप्पा म्हणत. मिस्तरी दुकानात शिरले की आप्पा आवाज खाली घेत, पुडी वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळत आणि हळूच म्हणत, "कुनाला सांगत न्हाई मी." त्यांची खात्री होती की हा माणूस घरी लपूनछपून मारुतीची सेवा करतो. आणि कुणाला सांगत नाही हेच ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मिस्तरींनी एकदाही खुलासा केला नाही. गिऱ्हाईकाला मी रोग सांगतो, आप्पाला कशाला सांगू, असं त्यांचं म्हणणं.

सुजातासाठी शेवगावचं स्थळ आलं. मुलगा शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. मुलाचे वडील एसटीतले ड्रायव्हर, शेवटची काही वर्षं डेपोच्या गेटवर बसून निवृत्त झालेले; तरी सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणत. चळवळीतला कडक माणूस. त्यांच्या घरात हळदीकुंकवाच्या डबीलाही जागा नव्हती, आणि नातेवाइकांच्या घरी गेल्यावर ते कोनाडे तपासून मग पाणी पीत. मला असा माणूस भेटल्याचा आनंदच झाला होता.

सुजाताला मुलगा पसंत होता. ती तसं बोलली नव्हती. पण कधी जामखेडचं भाडं घेऊन आलेली त्याची जीप नगर रस्त्याच्या वळणावर यायच्या आत ती हातातलं काम ठेवून गॅरेजमागच्या घरात जायची. आवाजावरून ओळखायची. आवाज मागच्या एक्सलचा होता, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्न नव्हता.

बोलणी करायला बाप-लेक त्याच जीपमधून आले. चालवत होता मुलगा. ड्रायव्हर शेजारी बसून पायाखालच्या मोकळ्या पत्र्यावर ब्रेक दाबत होते. मिस्तरी पांढरा सदरा घालून सामोरे गेले. दोन बोटं वर झाली.

"जयभीम, पाव्हणं. सोडल्यावर येतोय."

ड्रायव्हरांचं तोंड उतरलं. "जयभीम. काय येतोय?"

"आवाज. पाय काढला की घूं करतीय. वळनावर न्हाई, बरं का. म्हंजी आतली बारकी चाकं शाबूत हायती." हे त्यांनी मुलाचं कौतुक करावं तसं सांगितलं.

"आमी पोरगी बघायला आलोय, मिस्तरी."

"बघा की. जीप कुठं जातीय."

चहा झाला, पोहे झाले, बोलणं जमत आलं. निघताना ड्रायव्हर लिंबाखाली थांबले. तिथे शेंदराचा डबा होता, शेजारी दगड होता. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. आप्पाच्या दुकानातली बातमी शेवगावपर्यंत गेलेलीच होती.

"हे काय, मिस्तरी?"

"दात बघायला."

"ते म्हायती हाय मला. आयुष्य डेपोत गेलंय. आमच्या वर्कशॉपात निळा लावत्यात. निळ्यानं सुदिक दिसतं."

मिस्तरी डब्याचं झाकण लावायला लागले.

"निळा सोडून तुमी शेंदूर लावता. लोक काय बोलत्यात ते आयकलंय मी. तुमचं मन साफ आसंल, पर उद्या माझ्या घरात सून आली तर बोलनार मलाच. एक करा. शेंदूर बंद करा, निळा धरा. दुसरं कायबी मागनं न्हाई माझं. हुंडा न्हाई, मानपान न्हाई."

तुम्हीच सांगा, यात काय चूक होतं? हुंड्याऐवजी रंग मागणारा सोयरा मी पहिल्यांदाच बघत होतो. निळा तर आपलाच. मी मध्ये पडून म्हणालोही, "मिस्तरी, तत्त्वाचीच गोष्ट आहे. कामात फरक पडत नसेल तर काय हरकत आहे?"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. दारात सुजाता उभी होती आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. मला वाटलं, लाजली.

"बरं," मिस्तरी म्हणाले. "निळा."

त्याच संध्याकाळी त्यांनी शेंदराचा डबा गटारात ओतला.

पुढच्या रविवारी जीप दुरुस्तीला आली. नगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ड्रायव्हरांनी निळ्या रंगाची ट्यूब स्वतः आणली होती. ती त्यांनी मिस्तरींच्या हातात दोन्ही हातांनी दिली. त्या दिवशी सुजाताला बाहेर येऊ द्यायचं नाही असं मिस्तरीणबाईंनी ठरवलं होतं. होणाऱ्या सासऱ्यापुढे पोरगी गाडीखालनं पाय बाहेर काढून झोपलेली बरी दिसत नाही. त्यामुळे मिस्तरी एकटेच गाडीखाली गेले.

त्यांनी गोळा उतरवला, झिजलेलं बेअरिंग बदललं, दातांना निळा फासला, चाक फिरवलं. मग बघत बसले. हातातली बॅटरी जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. एकदा हळूच दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. शेवटी एक चकती काढली, परत फासलं, परत बघितलं आणि म्हणाले, "बसलं."

गोळा चढला, तेल भरलं. मुलाने जीप काढली. मिस्तरी मागच्या बाकाच्या खाली पालथे झोपले, ड्रायव्हर पुढे बसले. खर्ड्याच्या रस्त्याला गेले. आम्ही लिंबाखाली थांबलो. जीप परत येताना दिसायच्या आधी ऐकू आली. आधी ती पाय काढल्यावर घूं करत होती. आता चढावर, पाय दाबल्यावर, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी ओरडत होती.

मिस्तरी उतरले. गुडघ्यांची धूळही झटकली नाही.

"दाबल्यावर येतोय," ते म्हणाले. "माझ्याकडनं चुकलं."

त्यांच्या हातची गाडी बिघडून परत आलेली मी तोवर पाहिली नव्हती. बाजूचा कमानपाटेवाला घण खाली ठेवून बघायला आला. रेडिएटरवालाही आला.

ड्रायव्हर म्हणाले, "निळा लावला हुता न्हवं? मग दिसलं कसं न्हाई?"

मिस्तरींनी टॉवेलाची घडी घातली.

"का मुद्दाम केलं? शेंदराबिगर हुत न्हाई हे दाखवायला? तसं आसंल तर सोयरिकीचं हितंच थांबवू."

मिस्तरी तरीही गप्प. बोलले असते तर शेजारच्या दोघांनी ऐकलं असतं, आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला कळलं असतं. न बोलावं तर सोयरीक मोडत होती. ते दगडाकडे बघत उभे राहिले.

दार उघडलं. सुजाता आली.

"निळा त्यांना दिसत न्हाई, मामा."

"तुला कुनी विचारलं?" मिस्तरी म्हणाले.

"मोतीबिंदू हाय. शिबिरात डाक्टर म्हनला अजून पिकला न्हाई, पिकल्यावर काढू. निळा आन काळा त्यांना एकच दिसतो. शेंदूर तेवढा दिसतो, म्हनून शेंदूर. एरवी मी बघती. आज मला आत बसवलं." मग म्हणाली, "जयंतीचा झेंडा सुदिक त्यांना काळा दिसतो. दरसाली मला इचारत्यात, नवीन कापड घेतलं का गं, रंग चांगला हाय का."

मिस्तरींनी पाठ फिरवली आणि ते विनाकारण नट आवळायचे पाने गोळा करायला लागले. कमानपाटेवाल्याने घण उचलला आणि तो आपल्या जागेवर गेला. रेडिएटरवाल्यालाही काम आठवलं.

ड्रायव्हरांनी निळी ट्यूब उचलून खिशात घातली. मग म्हणाले, "पिवळा दिसतो का?"

"कुनास ठाऊक," सुजाता म्हणाली.

"हळद लावून बघा."

मिस्तरीणबाई आतून म्हणाल्या, "हळद लग्नाला आणलीय. गाडीला न्हाई." पण दिली. तेलात हळद कालवली, गोळा परत उतरवून दातांना लावली. चाक फिरवल्यावर दातांवर आमटी सांडल्यासारखं दिसलं. मग चुना लावला. तो वाळून उडाला. मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सुचवलं, लाल फरशीला लावतात तो रंग. मिस्तरी पाठमोरेच म्हणाले, "त्यात कचर असती. दात खाईल." मी छापखान्यातली लाल शाई आणली. ती चिकटली ती निघेना. एका होऊ घातलेल्या लग्नाचे दोन्ही पक्ष आणि मी असे एका दातेरी चाकाभोवती उकिडवे बसलो होतो, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात रंग शोधत होता. त्या रंगाचं नाव कुणी घेत नव्हतं.

शेवटी ड्रायव्हर उठले. मला म्हणाले, "दुकान दाखव."

"मी आणतो की."

"न्हाई. मी बंद केला, मीच आननार."

वस्तीतले दोघे-तिघे वाटेत भेटले, त्यांनी जयभीम घातला, ड्रायव्हरांनी मोठ्याने परत घातला. आप्पाच्या पायरीवर ते जरा थांबले, मग आत गेले.

"शेंदूर द्या. गाडीचा."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडीचा येगळा नसतो. मारुतीचाच हाय."

"मारुतीचं नाव घेऊ नका. नुसता द्या."

"नुसताच हाय. नाव लावायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा." आप्पा सवयीने पुडी दोनदा गुंडाळायला लागले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "कुनाला सांगत न्हाई मी."

"सांगा," ड्रायव्हर म्हणाले. "सगळ्यांना सांगा. शेवगावचा ड्रायव्हर येऊन शेंदूर घेऊन गेला म्हनावं. आन कागद काढा त्यो, उघडाच न्हेतो."

उघडा काही नेता आला नाही, सांडला असता. पण त्यांनी पुडी खिशात न घालता हातात धरली आणि बाजारातून तशीच आणली.

सुजाताने शेंदूर कालवला. ड्रायव्हर गाडीशेजारी जमिनीवर बसले, आणि सून म्हणून बघितलेल्या मुलीचे पाय जीपखालून बाहेर आलेले बघत राहिले. "आतल्या अंगाला लई सरकलाय आबा," ती म्हणाली. मिस्तरी वाकले, शेंदरातला उघडा पट्टा त्यांनी स्वतः पाहिला, आणि म्हणाले, "तेच म्हनतोय मी."

चकती परत गेली. जीप मुकाट्याने फिरून आली.

मिस्तरींना आणि ड्रायव्हरांना मी चहा नेऊन दिला तेव्हा ते जीपच्या सावलीत पाठीला पाठ लावल्यासारखे बसले होते. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत सांगत होते, "मला डेपोनं गेटवर का बसवलं म्हायती हाय? डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचता येईनात. घरात सांगितलं, पाठ दुखती. पोरालाबी अजून पाठच म्हायती हाय."

मिस्तरींनी दोन बोटं वर धरली. मिस्तरी जरा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोराला कळलंय. त्यो खड्डा आला की तुमाला आधी सांगतो."

लग्न वैशाखात झालं. पत्रिका मीच जुळवली. विहारासमोर झेंडा लावताना ड्रायव्हर मिस्तरींच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि न विचारता म्हणाले, "नवीन कापड हाय. रंग चांगला हाय."

सुजाता गेल्यावर पट्टा बघायचं काम मिस्तरींना एकट्याला पडलं. शेंदूर थोडा जास्त लागायला लागला. दर महिन्याला शेवगावहून कुणी येणारं असलं की ड्रायव्हर पुडी पाठवत. शेवगावातला शेंदूर जास्त लाल असतो असं त्यांचं म्हणणं होतं. पूजेच्या दुकानात हा माणूस दर महिन्याला का जातो याची शेवगावातही चर्चा झाली असणार. त्यांनीही खुलासा केला नसणार.

मोतीबिंदू पिकायच्या आधी मिस्तरी गेले. सकाळी एका टेम्पोखाली शिरले होते. गिऱ्हाईक सांगत होतं, वळणावर येतो, आणि आतून पुढचा प्रश्न आला नाही.

गॅरेज बंद झालं. हत्यारं सुजाता शेवगावला घेऊन गेली. लिंबाखाली दगड तेवढा राहिला, लाल अंग रस्त्याकडे करून.

पहिल्यांदा कुणीतरी दोन झेंडूची फुलं ठेवली. मला वाटलं, मिस्तरींच्या आठवणीने असतील. मग उदबत्ती दिसली. मग बाहेरगावचे ट्रकवाले जाता-जाता वेग कमी करून एका हाताने नमस्कार करायला लागले. पावसाळा संपेपर्यंत नारळ आला. कमानपाटेवाल्याने एकाला विचारलं, हा कशाचा देव? तो म्हणाला, गाडीचा. ह्याला नारळ ठेवला की मागनं आवाज येत नाही.

मी छापखान्यात जाऊन पत्रक जुळवायला घेतलं. 'शेंदूर फासलेला दगड' हे शब्द तर माझ्या बोटांना तोंडपाठ होते. पण पुढच्या ओळीत शेंदूर कुणी फासला ते लिहायचं होतं. तिथे काम थांबलं. मी शेवगावला निरोप पाठवला.

सुजाता सासऱ्याबरोबर जीपने आली. त्या वेळी लिंबाखाली कमानपाटेवाल्याकडे एक मालट्रक उभा होता. मागचा पाटा बदलायचा होता. ट्रकवाला केबिनमध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसला होता, आणि कमानपाटेवाला चाकाला लावायला विटेचे तुकडे गोळा करत होता. दगड दोन हातांवर होता, पण त्याला हात लावायची त्याची आता हिंमत होत नव्हती.

सुजाताने फुलं बाजूला केली. नारळ कमानपाटेवाल्याच्या हातात दिला. "फोडून खावा." मग पदर खोचून तिने दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ट्रकच्या मागच्या चाकाला लावला, लाल अंग आत.

ट्रकवाला खिडकीतून बघत होता. त्याने आतल्या आत चप्पल काढली. "बाई, त्याच्यावर चाक घालू व्हय?"

"घाला. त्याला सवय हाय."

"सोडू मग?"

ती चाकाशी वाकली, दगडाला हात लावून नीट बसलाय का ते पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"सोडा."

ट्रक उतारावर थोडा मागे आला, दगडाला टेकला, आणि थांबला.